अपंग प्राण्यांना हवी शिस्तबद्ध शुश्रूषा

खास प्रतिनिधी

मोटारीच्या धडकेने मागचे पाय निकामी झालेला कुत्रा घरी आणला की, 'त्याचे हाल कशाला करता, इंजेक्शन देऊन मोकळे करा', असा सल्ला हमखास मिळतो. त्यामागे करुणा असते. पण अपंगत्व आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा त्यात विसर पडलेला असतो. मागचे पाय लुळे पडलेले अनेक कुत्रे योग्य शुश्रूषा मिळाल्यास वर्षानुवर्षे आनंदाने जगतात. घात होतो तो बहुधा या शुश्रूषेविषयीच्या अज्ञानामुळे.

अपघातग्रस्त प्राण्याला पाय धरून उचलू नये. फळीवर वा ताठ पुठ्ठ्यावर आडवे ठेवून न्यावे. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या देणे धोक्याचे असते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. रुग्णालयात पशुवैद्यक पायाची बोटे जोराने दाबून पाहतात. पाय आखडला एवढ्याने संवेदना शाबूत असल्याचे सिद्ध होत नाही. ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. प्राण्याने मान वळवली किंवा तो विव्हळला, तर मज्जारज्जूतून वेदना मेंदूपर्यंत पोहोचत असल्याचे कळते आणि सुधारणेची आशा वाढते.

मूत्राशयाची काळजी

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते मूत्राशयाकडे. कुत्र्याच्या अंगाखाली ओल दिसली की त्याला लघवी होत आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातून ते केवळ ठिबकणे असू शकते. साचलेल्या लघवीमुळे जंतुसंसर्ग होतो व मूत्रपिंडांवर ताण येतो. त्यामुळे दिवसातून तीन ते चार वेळा हलक्या हाताने पोट दाबून मूत्राशय रिकामे करावे लागते. हे तंत्र पशुवैद्यकांकडून प्रत्यक्ष पाहूनच शिकावे.

दुसरा शत्रू म्हणजे जखमा. एकाच कुशीवर पडून राहिल्याने नितंब व कोपरांवरील कातडी सोलवटते. लघवीच्या ओलीने ती अधिक चिघळते, माश्या बसतात आणि अळ्या पडतात. यासाठी मऊ व कोरडे अंथरूण, दर काही तासांनी कूस पालटणे आणि रोजची तपासणी हाच उपाय होय. चाकांची गाडी उपयुक्त असली तरी बहुतेक गाड्यांत कुत्र्याला आडवे होता येत नाही. म्हणून ती थोड्या वेळासाठी आणि कोणीतरी जवळ असतानाच वापरावी.

अन्य अपंगत्वांत घरातील बदल अगदी साधे असतात. आंधळ्या कुत्र्यासाठी सामानाची जागा बदलू नये आणि स्पर्श करण्यापूर्वी हाक मारावी. बहिऱ्या कुत्र्याला हातवारे सहज शिकवता येतात. तीन पायांच्या कुत्र्याचे वजन वाढू देऊ नये. काही मांजरांची पिल्ले जन्मतःच डळमळत चालतात. लहान मेंदूची वाढ अपुरी राहिल्याने हा दोष निर्माण झाला असेल, तर तो वेदनादायक नसतो आणि वयानुसार वाढतही नाही.

निर्णय कोणत्या निकषावर?

दयामरणाचा प्रश्न कधीच उद्भवत नाही, असे नव्हे. औषधांनी न शमणारी वेदना, अन्नाचा त्याग, सतत बळावणारा संसर्ग अशी लक्षणे दिसल्यास पशुवैद्यकांशी मोकळेपणाने बोलावे. पाय चालत नाहीत, एवढे कारण मात्र त्यासाठी पुरेसे ठरत नाही. नकोसा झालेला प्राणी रस्त्यावर सोडून देणे हा तर मार्गच नाही. प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडणे ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार क्रूरताच आहे.

मुंबईत १८३४ मध्ये पांजरपोळ उभी राहिली, तेव्हापासून निराधार प्राण्यांच्या आश्रयाची परंपरा या शहराला आहे. तथापि, दर सहा-आठ तासांनी मूत्राशय रिकामे करण्याइतका वेळ प्रत्येक संस्थेच्या कर्मचाऱ्यांकडे असतोच असे नाही. म्हणूनच असा प्राणी दत्तक घेण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून दुपारी कोण, रात्री कोण आणि गावाला गेल्यावर कोण, हे आधी ठरवावे. या प्रश्नांची उत्तरे तयार असलेल्या घरात अपंग प्राणी फार काळ ओझे वाटत नाही.