संगणकाची सुरक्षा, भाग ६ : फाइलच्या नावात दडलेला हुकूम

मागच्या आठवड्यात आपण पीजीपी या कूटलेखन प्रणालीच्या दोन किल्ल्या पाहिल्या, एक जाहीर आणि एक खासगी. फिल झिमरमनने १९९१ मध्ये ही प्रणाली आणली ती एकेकट्या माणसासाठी. कंपनीत शेकडो जणांच्या किल्ल्या सांभाळायच्या तर मध्ये सर्व्हर हवा. चिकलठाणा एमआयडीसीतून परदेशी ग्राहकाला औषधांची कागदपत्रे किंवा सुट्या भागांची ड्रॉइंग पाठवणाऱ्यांना याची गरज वेगळी सांगायला नको. सिमँटेकने २०१० मध्ये पीजीपी कंपनी विकत घेतली आणि असा सर्व्हर ‘एन्क्रिप्शन मॅनेजमेंट सर्व्हर’ या नावाने विकला.

या सर्व्हरमधली एक त्रुटी २०१५ च्या सुरुवातीला जाहीर झाली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०१४-७२८८. कूटलेखनाचे गणित शाबूत होते, खोट होती बॅकअप परत चढवण्याच्या सोयीत. प्रशासकाने बॅकअपची फाइल दिली की तिचे नाव न तपासता शेलला, म्हणजे मजकुरातल्या आज्ञा यंत्राकडून पाळून घेणाऱ्या प्रोग्रॅमला, द्यायच्या आज्ञेत जोडले जाई. शेल मात्र उभी रेघ किंवा उलटे अवतरणचिन्ह दिसले की पुढचा मजकूर नवी आज्ञा समजतो. कारखान्याच्या गेटवर कोणी नाव सांगताना ‘पाटील, आणि मागचे फाटक उघडा’ म्हणावे आणि रखवालदाराने पाटील लिहून घेऊन खरोखरच फाटक उघडावे, तसे हे झाले.

ही चाल खेळायला आधी प्रशासक म्हणून लॉगिन करावे लागे. म्हणून ‘प्रशासकाच्या हाती सगळे असतेच, मग बिघडले काय?’ असे विचारले जाते. मला हा प्रश्न घातक वाटतो. या सर्व्हरवर सगळे प्रशासक सारखे नव्हते. नुसते पाहण्याची मुभा असलेल्यापासून ‘सुपरयूजर’पर्यंत पायऱ्या होत्या, आणि प्रत्येकाने काय करायचे ते पडद्यावरचा मेनू ठरवत होता. शेलला हुकूम देता आला की मेनूची ती मर्यादा संपली. चोरलेल्या एका पासवर्डावर परका माणूस थेट यंत्राशी बोलू लागतो, आणि त्याच यंत्रावर साऱ्या कंपनीच्या किल्ल्या असतात.

सिमँटेकने ३.३.२ एमपी७ या आवृत्तीत दुरुस्ती दिली. पॅच लगेच चढवायचा, हे उघडच आहे. त्याखेरीज प्रशासनाचे पान इंटरनेटवर उघडे ठेवू नये. ते कार्यालयातल्या ठरावीक संगणकांवरूनच दिसावे. बॅकअप चढवण्याचा अधिकार अगदी मोजक्या लोकांकडे असावा.

नोंदींचेही पाहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. ते त्याच सर्व्हरवर असतील, तर आत शिरलेला माणूस ते पुसू शकतो. त्यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या पासवर्डाखाली, नोंद होताक्षणी गेली पाहिजे.

पुढच्या भागात सप्टेंबर २०१४ चा ‘शेलशॉक’. तिथे तर खोट शेलमध्येच होती.