ब्राह्मी लावा, पण ओळखून!

नर्सरीत जाऊन ‘ब्राह्मी द्या’ म्हटले, की दोनपैकी कोणतेही रोप हाती पडू शकते. गोल, कातरलेल्या कडेची, लांब देठाची पाने असतील तर ती मंडूकपर्णी (सेंटेला एशियाटिका). लहान, मांसल, बिनदेठाची पाने जोडीजोडीने असतील आणि फिकट जांभळी-पांढरी फुले येत असतील, तर ती जलब्राह्मी (बाकोपा मोनिएरी). दोघींची कुळे वेगळी, गुणद्रव्येही वेगळी. मंडूकपर्णी तर कोथिंबिरीच्या कुळातली! म्हणून औषध म्हणून घेताना कोणती ब्राह्मी, हे आधी विचारायलाच हवे.

बागेत मोठ्या झाडाखालची उघडी जमीन झाकायला मंडूकपर्णी उत्तम. तिची धावती खोडे जमिनीलगत पसरतात आणि पेरापेराशी मुळे धरतात. मुळे फुटलेला असा एखादा तुकडा पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा. दोन रोपांत वीतभर अंतर पुरते. माती भुसभुशीत, शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेली असावी. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली मिळाली, की ती खूश. ओल मात्र सतत हवी. उन्हाळ्यात पाणी चुकले की पाने लगेच मलूल होतात. गॅलरीत लावायची तर खोल कुंडीपेक्षा पसरट कुंडी घ्या. वाफ्यात कडेला विटा लावा, नाहीतर ती शेजारच्या रोपांत शिरते. बाकी फवारणी, आधार, छाटणी यांची फारशी कटकट नाही. जलब्राह्मीला याहूनही जास्त पाणी लागते. ती दलदलीत रमते.

आता सावधगिरीचे. या दोन्ही वनस्पती माती-पाण्यातले कॅडमियमसारखे जड धातू शोषून पानांत साठवू शकतात. त्यामुळे नाल्याकाठची, गटारालगतची किंवा रस्त्याकडेची हिरवीगार ब्राह्मी चटणीसाठी खुडून आणू नका. सांडपाण्यातले जंतूही पानांवर येतात. घरच्या कुंडीला स्वच्छ पाणी घाला आणि पाने नीट धुऊनच वापरा.

चार पानांची चटणी वेगळी आणि रोजचा वाटीभर रस वेगळा. मंडूकपर्णीच्या गोळ्या घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. यकृताचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि झोपेची किंवा फिट्सची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती औषध म्हणून घेऊ नये.

घरी लावलेल्या ब्राह्मीचा मोठा फायदा हाच, की ती कोणती आणि कुठल्या पाण्यावर वाढली, हे आपल्याला ठाऊक असते.