डासाची सोंड आणि मोजून थांबणारे यंत्र

लेकरांनो, जवळ सरका. आज डासाची गोष्ट सांगतो. पावसाळा सरत आला की डबक्यांतून, जुन्या टायरांतून, उघड्या टाक्यांतून डास उठतात आणि संभाजीनगर जिल्ह्यातल्या आपल्या फुलंब्रीत घरोघर कडुनिंबाचा धूर होतो. ज्याला आपण टाळी वाजवून मारतो, त्या एवढ्याशा जिवाच्या डोक्यात किती कसब भरले आहे ते ऐका.

चावते ती फक्त मादी, कारण अंडी धरायला तिला रक्तातली प्रथिने लागतात. तिची सोंड दिसते एक, पण बाहेरच्या मऊ म्यानात सहा बारीक सुया असतात. दोन सुया करवतीसारख्या दातेरी, त्या कातडी कापत जातात. दोन सुया कापलेली जागा उघडी धरतात. पाचवीतून तिची लाळ आपल्या अंगात उतरते, म्हणजे रक्त गोठत नाही. सहावीतून रक्त वर चढते. डोक्यात दोन छोटे पंप आळीपाळीने फुगतात, आवळतात आणि रक्त ओढून घेतात. टाकायची नळी वेगळी, ओढायची वेगळी!

किती रक्त घेते? साधारण 2 ते 3 मायक्रोलिटर. एक मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच डबी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात मावेल ते एक मायक्रोलिटर. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या पाण्याच्या एका थेंबात असे सुमारे 50 मावतात.

आता खरी नवलाची गोष्ट. पोट भरले हे तिला कसे कळते? 1969 साली रॉबर्ट ग्वाड्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाने डासांच्या पोटाकडून डोक्याकडे निरोप नेणारी मज्जारज्जू कापून पाहिली. मग त्या माद्या थांबेचनात. नेहमीच्या कितीतरी पट रक्त पीत राहिल्या आणि काहींची पोटे फुटली. म्हणजे पोट ताणले की आतून निरोप जातो, “पुरे!” नळी होती, पंपही चालू होता, तो निरोप तेवढा तुटला आणि जीव गेला. बारीक नळी, पंप आणि पुरेची जाण, या तीन गोष्टी मनात धरून ठेवा.

आता माणसाकडे येऊ; त्यालाही असे इवलेसे द्रव मोजून घ्यावे लागतात. 2020 साली कोरोना आला तेव्हा आपल्या जिल्ह्यातले नमुने आधी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जात. मग संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात तपासणी सुरू झाली. नाकातला स्वॅब घेतला की झाले, असे आपल्याला वाटते. खरे काम पुढे असते. नमुन्यातला विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची ओळख सांगणारा रेणू, वेगळा काढायचा, त्यात रसायने मिसळायची, आणि हे सगळे मायक्रोलिटरच्या मापाने. प्रयोगशाळेत प्लास्टिकची एक ताटली असते, तिच्यात 8 ओळींत 12 याप्रमाणे 96 खळगे. अशा खळग्यांची ताटली 1951 च्या सुमारास हंगेरीच्या ज्युला ताकाची या डॉक्टरांनी फ्लूच्या तपासणीसाठी स्वतः कोरून बनवली होती. प्रत्येक खळग्यात तीन द्रव घालायचे म्हटले तर एका ताटलीला 288 वेळा माप घ्यावे लागते. आपल्या आल्याच्या शेतात ठिबकच्या प्रत्येक तोटीतून सारखे पाणी पडले नाही तर एक गड्डा पोसतो आणि दुसरा सुकतो, इथेही तसेच. एका खळग्यात माप चुकले तर कोणाचा तरी अहवाल चुकतो.

पूर्वी हे माप तोंडाने घेत. काचेची नळी ओठांत धरून द्रव वर ओढायचा. त्यात रोगाचे जंतू असोत की विष, ते घशात जाण्याची भीती कायमची. 1957 साली जर्मनीतल्या मारबुर्ग इथे हाइनरिश श्निटगर या तरुण डॉक्टराला हे असह्य झाले. त्याने सिरिंज घेतली, तिच्या दट्ट्याला स्प्रिंग लावली, दट्ट्या ठरल्या जागी थांबावा म्हणून अडसर बसवला आणि टोकाला प्लास्टिकची टिप बसवली. अंगठ्याने दाबा, सोडा, ठरलेले माप आत. डासाच्या तीन गोष्टींपैकी नळी आली, पंप आला, आणि पुरे म्हणायला अडसर आला. आजही जगभर वापरतात ते मायक्रोपिपेट याच वंशातले.

पण दिवसभर शेकडो वेळा दाबून अंगठा दुखतो, डोळा शिणतो, आणि कोरोनासारख्या रोगात तपासणाऱ्यालाच धोका. म्हणून यंत्राचा हात आला. 27 जुलै 2020 रोजी मुंबई, नोएडा आणि कोलकाता इथे मोठ्या क्षमतेच्या स्वयंचलित तपासणी सुविधा सुरू झाल्या. इंग्लंडमध्ये तर असे एक यंत्र आहे, ते मायक्रोलिटरच्याही चाळिसाव्या भागाएवढा द्रव उचलून ठेवते. त्याचे नाव काय ठेवलेय? मॉस्किटो, म्हणजे डासच!

अशा यंत्राचा पहिला नमुना आपल्यालाही करता येईल. एक मिलिलिटरची सिरिंज घ्या. तिच्या दट्ट्याला आट्यांचा दांडा जोडा आणि दांड्याला स्टेपर मोटर. ही मोटर सलग फिरत नाही, पावलापावलाने फिरते; एका फेरीत 200 पावले. एका फेरीत दांडा 2 मिलिमीटर सरकत असेल तर एका पावलाला मिलिमीटरचा शंभरावा भाग. सिरिंजची आतली रुंदी साधारण पावणेपाच मिलिमीटर धरली तर एका पावलात सुमारे 0.18 मायक्रोलिटर द्रव हलतो. डासाच्या 3 मायक्रोलिटर जेवणाला सुमारे 17 पावले! शाळेत शिकलेले वर्तुळाचे क्षेत्रफळ इथे कामी येते.

हिशोब कागदावर बरोबर निघतो, यंत्र मात्र चुकते. आट्यांत थोडी ढिलाई असते; मोटर उलटी फिरली की पहिली काही पावले ती ढिलाई भरून काढण्यातच जातात आणि द्रव हलत नाही. म्हणून मापाकडे नेहमी एकाच दिशेने यायचे. रबरी दट्ट्या चिकटून राहतो आणि मग एकदम सुटतो. हवेचा बुडबुडा आत राहिला तर तो दबतो, फुगतो आणि माप खातो. ग्लिसरीनसारखा घट्ट द्रव सावकाश चढतो, त्याच्यासाठी थांबावे लागते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर इवलासा थेंब बघता बघता उडून जातो. मोठ्या कंपन्यांची यंत्रे टिपमधला हवेचा दाब सतत मोजतात. नळी तुंबली किंवा द्रवाऐवजी हवा आली की थांबतात. डासाच्या पोटातला निरोप तो हाच.

आणि आपले यंत्र खरे बोलते की नाही हे कसे ओळखायचे? एक मायक्रोलिटर पाण्याचे वजन एक मिलिग्रॅम भरते. सराफाचा चांगला काटा मिलिग्रॅम दाखवतो. छोट्या झाकणात यंत्राने 20 मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडा, दर वेळी वजन लिहा. सगळी वजने 18 च्या आसपास आली तर यंत्र चुकते आहे, पण एकाच तऱ्हेने. पावलांचा हिशोब सुधारला की काम झाले. एकदा 15, एकदा 24 आले तर मात्र ढिलाई किंवा बुडबुडा शोधायचा.

वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत दांडे, मोटरी, आटे घडवणारे हात आहेत. आपल्या शाळा-कॉलेजांत हिशोब करणारी डोकी आहेत. म्हणून सांगतो, विज्ञान प्रदर्शनात चित्रांचा तक्ता लावून थांबू नका. सिरिंज घ्या, मोटर जोडा, वजने वहीत मांडा, आणि तुमचे यंत्र बरोबर मापावर थांबते याची खात्री झाल्याशिवाय ते पुरे झाले म्हणू नका.