हृदयाच्या दारातील आगंतुक

आपल्या मुठीएवढे हृदय आईच्या पोटात असतानाच धडधडू लागते आणि अखेरच्या श्वासापर्यंत राबते. त्याला ना रविवारची रजा, ना दिवाळीची सुट्टी! अशा या अखंड राबणाऱ्या अवयवाच्या आतच एखादी गाठ वाढू लागली तर? शस्त्रवैद्याने ती काढायची कशी? हृदय थांबवावे, तर काही मिनिटांतच मेंदू निकामी होऊ लागतो. चालू ठेवून उघडावे, तर रक्ताच्या लोंढ्यात काहीच दिसत नाही!

हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी फार विरळा. प्रौढांमध्ये त्यांतल्या त्यात अधिक आढळते ती ‘मिक्सोमा’. ही कर्करोगाची गाठ नव्हे. ताडगोळ्यासारखी मऊ, बुळबुळीत अशी ही गाठ बहुधा हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने लोंबकळत असते. स्वभावाने सौम्य, पण जागा मात्र भलतीच नाजूक! प्रत्येक ठोक्याबरोबर ती झोके घेते आणि खालच्या झडपेच्या तोंडाशी येऊन रक्ताची वाट अडवते. मग दम लागतो, भोवळ येते. कधी कूस बदलताच बरेही वाटते. तिचा एखादा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर धडधाकट माणसाला अर्धांगवायू होतो.

शतकानुशतके या गाठीचा पत्ता लागे तो बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावर. तिच्यापर्यंत पोचायचे तर हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम काही वेळ दुसऱ्या कोणीतरी करायला हवे होते. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन गिबन यांनी ते काम यंत्राकडून करवून घेतले आणि एका तरुणीच्या हृदयातील छिद्र बुजवले. पण त्यानंतरचे त्यांचे रुग्ण दगावले आणि खचलेल्या गिबननी या शस्त्रक्रिया थांबवल्या.

तिकडे स्वीडनमध्ये मात्र डॉ. क्लॅरेन्स क्राफोर्ड आणि त्यांचे सहकारी आपल्या यंत्रावर खपत होते. १६ जुलै १९५४ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांनी एका चाळीस वर्षांच्या स्त्रीचे रक्त त्या यंत्रातून फिरवले, हृदय उघडले आणि गाठ सबंध काढली. ती स्त्री बरी झाली! हृदयाच्या आतील मिक्सोमा यशस्वीपणे काढल्याची ही जगातील पहिली घटना.

आजही शस्त्रक्रियेची रीत मूलतः तीच आहे. रक्त यंत्राकडे वळवतात, पोटॅशियमयुक्त थंड द्राव देऊन हृदय निजवतात आणि गाठ फुटू न देता देठासकट उचलतात. देठ जिथे रुजलेला असतो तेथील पडद्याचा तुकडाही कापतात. तण उपटताना मूळ मागे ठेवून कसे चालेल? पडद्याला पडलेले भोक हृदयावरच्याच आवरणाचे ठिगळ लावून शिवतात. असे झाले की गाठ पुन्हा सहसा होत नाही.

पण गाठ काढायची तर आधी ती दिसायला हवी! यातही स्वीडनचाच हात आहे. १९५३ साली लुंड येथे एडलर आणि हेर्ट्‌झ या जोडीने, जहाजांच्या धातूतील दोष शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र हृदयावर लावून पाहिले. त्यातूनच आजची ‘इको’ तपासणी जन्मली. छातीवर टाके नाहीत, वेदना नाहीत. पडद्यावर झोके घेणारी गाठ स्पष्ट दिसते.

ही तपासणी महत्त्वाची, कारण ही गाठ मोठी बहुरूपी! नळीने ऐकले तर संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या झडपेसारखाच आवाज येतो. कधी नुसता बारीक ताप येतो, वजन घटते. त्यातून ती पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि तीही ऐन संसाराच्या वयात! अशा वेळी जिना चढताना धापा टाकणाऱ्या गृहिणीला आपण काय म्हणतो? “अशक्तपणा आहे, जरा विश्रांती घे.”

वाचकहो, प्रत्येक धापेमागे गाठ नसते, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण घरातील कोणाला वारंवार भोवळ येत असेल, दम लागत असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. एके काळी मृत्यूनंतरच ओळखू येणारा हा पाहुणा आज वेळेवर ओळखला, तर दाराबाहेर काढता येतो.