शाखेची निवड

१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेतच मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान असे सात मार्ग सुचविले. हेतू उदात्त होता. परंतु कोवळ्या वयात धरलेली वाट जन्मभराची ठरण्याची भीती होती. म्हणून कोठारी आयोगाने १९६६ मध्ये पहिली दहा वर्षे सर्वांस सामान्य शिक्षण द्यावे, असा अभिप्राय दिला. आज दहावीनंतर शाखा निवडताना पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी : विज्ञानाकडून कला वा वाणिज्याकडे वळता येते, उलट वाट सहसा बंद असते. तथापि केवळ दार उघडे राहावे म्हणून पाल्यास नावडत्या विषयांत कोंडणे हाही अन्यायच. त्याचे गुण पाहावेत, तसाच ओढाही पाहावा. आणि निर्णयापूर्वी प्रथम त्यालाच विचारावे.