थंडीने गारठलेल्या माणसास प्रथमोपचार



पौषात बिदर-कलबुर्गीच्या पठारावर रात्रीचा पारा कधीकधी १० अंशांच्या खाली येतो. मोटारीची लाईट रात्री आली की आपल्याला उसाला, हरभऱ्याला पाणी द्यायला जावेच लागते. दारे धरताना पाय चिखलात, कपडे ओले आणि वरून झोंबरा वारा. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. परंतु पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातील ऊब ओढून घेते.

शरीराची उष्णता सुमारे ३७ अंश असते. ती ३५ च्या खाली गेली की जिवाला धोका सुरू होतो. प्रथम माणूस थडथडा कापतो. मग बोबडी वळते, पाय लटपटतात, सांगितलेले समजत नाही, झोप येते. शेवटी कापणेही थांबते. पाहणाऱ्याला वाटते, आता बरे आहे. खरे तर ती सर्वांत वाईट खूण होय.

ही लक्षणे दारू प्यालेल्या माणसासारखीच दिसतात आणि इथेच घात होतो. पहाटे बांधावर कोणी पडलेला दिसला की "पिऊन पडलाय" म्हणून आपण पुढे जातो. प्रभू येशूच्या दाखल्यातील याजक आणि लेवीही असेच बाजूने निघून गेले. थांबला तो शोमरोनी. पडलेला माणूस खरोखर प्यालेला असला, तर त्याला धोका अधिकच. दारूने कातडीकडे रक्त धावते, वरवर ऊब वाटते, पण आतली उष्णता झपाट्याने बाहेर जाते.

काय करावे?

१. त्याला हळुवार उचलून वाऱ्याच्या आड, गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीमागे, आडवे निजवा. खाली बारदान किंवा कडबा अंथरा.

२. ओले कपडे काढा, अंग टिपून कोरडे करा. डोक्यासकट घोंगडीत किंवा वाकळेत गुंडाळा. तोंड मोकळे ठेवा.

३. आधी छाती व काखा उबदार करा. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, किंवा कोणीतरी त्याच घोंगडीत अंगाला अंग लावून निजा.

४. शुद्धीवर असून गिळता येत असेल, तर गुळाचा गरम चहा घोटघोट द्या.

५. १०८ ला फोन करा.

काय करू नये?

हातपाय चोळू नका, चालवू नका, शेकोटीला खेटून बसवू नका, कढत पाण्याने न्हाऊ घालू नका. दारू, तंबाखू देऊ नका. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नका. त्याला कुशीवर वळवा. श्वास मंद असू शकतो, म्हणून मिनिटभर नीट पाहा. श्वास नसेल, तर शिकलेल्याने छाती दाबणे सुरू करावे.

अंग गार आणि ताठ लागले तरी "गेला" असे म्हणू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या धारवाड जिल्ह्यातील लान्स नायक हनमंतप्पा कोप्पद सियाचीनच्या बर्फाखाली गाडले गेले होते. सहाव्या दिवशी ते जिवंत सापडले. पुढे ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. परंतु शोधणाऱ्यांनी आशा सोडली असती, तर ते जिवंत हाती लागलेच नसते.

पाणी द्यायला जाताना एकटे जाऊ नका. कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत बांधून न्या. आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला ट्रॉलीतून येताना म्हाताऱ्यांना व लेकरांना मध्ये बसवा, वाऱ्याच्या बाजूला तरुणांनी बसावे.