एका आयरिश शिवाराचे नाव

आयर्लंडच्या पश्चिमेस, गॉलवे काउंटीतील कॉनेमारा भागात, सुमारे ४७० एकरांचे एक लहानसे शिवार आहे. इंग्रजी नकाशांत त्याचे नाव ‘मकनघेदरदौहौलिया’ असे आढळते. रोमन लिपीत त्यास बावीस अक्षरे लागतात. देशातील सर्वांत लांब नावांत त्याची गणना होते व बहुधा एवढ्याच कौतुकापोटी त्याचा उल्लेख केला जातो. स्थलनामांच्या अभ्यासकास मात्र त्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

अशा भूविभागास आयर्लंडमध्ये ‘टाउनलँड’ म्हणतात. या शब्दाचा शहराशी काही संबंध नाही. तो जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत विभाग होय. त्यात काही घरे असतील किंवा एकही नसेल. असे साठ हजारांहून अधिक विभाग त्या बेटावर आहेत. ही व्यवस्था मुळात गेलिक काळातील, म्हणजे बाराव्या शतकात आलेल्या नॉर्मनांच्याही आधीची. पुढे सीमा व नावे यांत बरेच फेरफार झाले. जोडशिवारांच्या नावांना ‘मोर’ (थोरले) व ‘बेग’ (धाकटे) ही पदे लागतात, ती पाहून मराठी वाचकास बुद्रुक व खुर्द आठवल्यावाचून राहणार नाहीत.

प्रस्तुत नाव मूळ आयरिशमध्ये चार शब्दांचे आहे. त्याचा उच्चार स्थूलमानाने ‘मिकनख एदिर घा हालिअ’ असा होतो. ‘एदिर’ म्हणजे मध्ये. हा संस्कृत ‘अन्तर्’चा सगोत्र. ‘घा’ म्हणजे दोन, हा ‘द्वा’चा. ‘हालिअ’ मात्र आयरिश कोशात शोधून सापडणार नाही. मूळ शब्द ‘सालिअ’, अर्थात खारे पाणी. आयरिशमध्ये ‘दोन’ या संख्यावाचकानंतर येणाऱ्या नामाचे आद्य व्यंजन बदलते व ‘स’चा ‘ह’ होतो. लेखनात मूळ ‘स’ कायम राहून त्यापुढे ‘ह’ जोडला जातो. कानास केवळ ‘ह’ ऐकू येतो. इंग्रजी रूपातील ‘हौलिया’ हे त्या ऐकलेल्या ध्वनीचे लेखन होय. म्हणजे अपभ्रंश म्हणून हिणवलेल्या या रूपात आयरिश व्याकरणाचा एक नियम जसाच्या तसा टिकून आहे. ‘दौ’मधील ‘द’ मात्र उच्चारातील ‘घ’शी जुळत नाही, तो जुन्या लिखित रूपाशी जुळतो. कान आणि लेखणी अशा दोन्ही साक्षी एकाच नावात मिसळल्या आहेत.

ही इंग्रजी रूपे मुख्यतः १८२४ मध्ये कर्नल कोल्बीच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मोजणीत स्थिर झाली. (जॉर्ज एव्हरेस्टने १८२९ साली हीच मोजणी पाहिली व कोल्बीच्या पितळ-लोखंडी मोजदांड्या हिंदुस्थानात आणल्या.) इंग्रज सैनिकांनी ऐकू येतील तशी नावे विद्रूप केली, हा समज ब्रायन फ्रीलच्या ‘ट्रान्सलेशन्स’ (१९८०) या नाटकामुळे दृढ झाला. तो अर्धाच खरा आहे. नावांची चिकित्सा करणारा जॉन ओ’डोनोव्हन हा आयरिशचा थोर पंडित होता. गॉलवेतील काम १८३८-३९ मध्ये झाले. आयरिश बोलणाऱ्या वृद्धांकडून उच्चार ऐकून व जुन्या कागदपत्रांतील रूपे ताडून तो निर्णय देई. तथापि अखेरचे रूप इंग्रजी वर्णांतच बसवावयाचे, हे सरकारी धोरण होते. त्यामुळे ध्वनी बव्हंशी राहिला, अर्थ मात्र लोपला.

राहता राहिला ‘मिकनख’. ‘मुक’ म्हणजे डुक्कर, याविषयी वाद नाही. परंतु डुकरे पाळण्याची जागा, की डुकराच्या पाठीसारखी उंचवट्याची धार? ‘मकनॅख’ नावाची शिवारे अनेक काउंट्यांत असल्यामुळे येथे ‘दोन खाऱ्या पाण्यांमधले’ असा भेद सांगावा लागला असावा. हा उत्तरार्ध भूमीच्या ठेवणीचेच वर्णन करतो. तेव्हा पूर्वार्धही तसाच मानून दुसरी व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते.

हे शिवार आयरिशभाषक प्रदेशात मोडते. २००४ च्या आदेशानुसार, २००५ पासून अशा प्रदेशांत केवळ आयरिश रूपासच कायदेशीर मान्यता आहे. कायदे, सरकारी नकाशे व रस्त्यांवरील पाट्या यांतून इंग्रजी रूप वगळले गेले. मात्र १८४७ ते १८६४ या काळातील ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात एखाद्या कुळाचा शोध घ्यावयाचा असेल, तर आजही त्या बावीस अक्षरी नावाखालीच पाहावे लागते.